पावसाळी जंगलात जळवा? मिठाची पुरचुंडी बरोबर ठेवा

आंबोली किंवा कोयनेच्या जंगलात जुलै-ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन फिरायला गेलं की निम्मा दिवस "आई, जळू!" ऐकण्यात जातो. आम्ही आता एवढंच करतो:

१. पॅन्टच्या आत नाही, पॅन्टच्या वरून लांब मोजे चढवायचे. फुटबॉलचे घट्ट विणीचे उत्तम. रंग पांढरा किंवा फिका, म्हणजे सुतासारखी बारीक जळूसुद्धा वर चढताना लगेच दिसते.

२. जुन्या धोतराच्या फडक्यात मूठभर जाडं मीठ बांधून पुरचुंडी काठीच्या टोकाला घट्ट बांधायची. पावसात ती आपोआप ओली राहते. बुटावर जळू दिसली की नुसती टेकवायची, ती गळून पडते. (हे काम मुलांकडे द्या. कुरकुर बंद होते, शिवाय आजोबांच्या बुटांचीही तपासणी होते.)

३. थांबायचं ते उघड्या कातळावर. ओल्या पाल्यात, गवतात डबा उघडून बसलात तर मेजवानी त्यांचीच.

आणि जळू अंगाला चिकटलीच असेल तर मीठ नको, ओढूही नका. तिचं बारीक टोक असतं ते तोंड; तिथे कातडीलगत नख सरकवायचं, मग दुसरं टोकही तसंच सोडवायचं. जखम धुऊन स्वच्छ रुमाल दाबून धरा. रक्त बराच वेळ झिरपतं, घाबरू नका. मात्र घरात कुणी रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असेल तर जाण्याआधी डॉक्टरांना विचारा.