गोव्यात नवीन घर बांधताय? मग गॅरेजचा दरवाजा लिंटेलच्या आधी ठरवा

घर बांधताना गॅरेजचा दरवाजा बहुतेक जण सगळ्यात शेवटी बघतात. फरशी झाली, रंग झाला की फॅब्रिकेटरला बोलावतात आणि सांगतात, एवढी जागा आहे, बसेल ते बसव. पण तोवर चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत उभी असते, लिंटेल, म्हणजे दरवाजावरची काँक्रीटची तुळई, ओतून झालेलं असतं, आणि नंतर सहा इंच वाढवायचे म्हटले तरी तोडफोड आली. म्हणून कळकळीने सांगतो, दरवाजाचा प्रकार आणि साईज लिंटेलचं सेंट्रिंग (ओतायचा साचा) बांधायच्या आधी नक्की करा आणि ते माप इंजिनिअरच्या ड्रॉइंगवर लिहून घ्या.

साईज काढताना आजची गाडी धरू नका, पुढे येऊ शकेल अशी सगळ्यात मोठी गाडी धरा. क्रेटा १७९० मिमी रुंद आहे आणि फॉर्च्युनर १८५५ मिमी, म्हणजे साधारण सहा फूट एक इंच, पण कंपनी जी रुंदी देते त्यात आरसे धरलेले नसतात, आरसे उघडे ठेवले की अजून आठ-नऊ इंच तरी वाढतात. त्यामुळे एका गाडीला ९ फूट मोकळी रुंदी ही मी कमीत कमी मानतो आणि जागा असेल तर १० फूट सोडा. आपल्याकडे वाड्यावरचे रस्ते अरुंद, गाडी सरळ आत येतच नाही, रस्त्यावरूनच काटकोनात वळवून घ्यावी लागते, अशा ठिकाणी तर १० च्या खाली जाऊच नका. फॉर्च्युनरची उंची १८३५ मिमी म्हणजे सहा फूट, त्यावर कॅरिअर, चवथीला मुंबई-पुण्याची माणसं आली की त्यावर सामान, म्हणून उंची ८ फूट ठेवा, ७ फुटात भागतं पण अडचण होते.

दोन गाड्यांसाठी १६ फुटांचा एक दरवाजा की ९-९ फुटांचे दोन? एक मोठा घेतला तर वळवायला सोपं, पण त्यावर बीम मोठा लागतो आणि पावसाळी वाऱ्याचा सगळा दाब त्या एका रुंद पत्र्यावर येतो. मला दोन वेगळे बरे वाटतात, मध्ये आरसीसीचा कॉलम येतो आणि एक बिघडला तरी दुसरी गाडी बाहेर काढता येते.

आता जिथे खरी गडबड होते ते. भिंतीत सोडलेली जागा आणि गाडीला मिळणारी जागा एक नसते. रोलिंग शटरचे गाईड चॅनेल त्या जागेच्या आत बसवले तर दोन्ही बाजूंना तीन-चार इंच जातात, म्हणजे ९ फूट सोडलेत आणि हातात आले साडेआठ. गाईड भिंतीच्या आतल्या अंगाला बसवायचे असं आधीच ठरवा आणि त्यासाठी दोन्ही बाजूंना सहा इंच तरी सपाट भिंत ठेवा. तसंच वरचं. ८ फूट उंच शटर गुंडाळलं की त्याचा रोल सव्वा-दीड फुटाचा होतो, तो लिंटेलच्या वर बसायला जागा नसेल तर खाली लोंबतो आणि उंची खातो. सेक्शनल दरवाजा, म्हणजे जो पॅनेलांमध्ये वळून छताखाली आडवा जातो, त्याला वर साधारण एक-सव्वा फूट लागतो आणि आत दरवाजाच्या उंचीपेक्षा दोनेक फूट जास्त लांबीचं छत मोकळं लागतं, तिथे पंखा किंवा खाली आलेला बीम चालत नाही.

आणि गाईड कशात ठोकणार ते बघा. चिरा दिसायला दणकट पण मऊ आणि छिद्रांचा, त्यात अँकर बोल्ट मारला की रोजच्या हादऱ्याने तो हळूहळू सैल होतो. मेस्तला (गवंड्याला) सांगून दोन्ही बाजूंना आरसीसीचा कॉलम काढून घ्या आणि बोल्ट त्यातच मारा.

मटेरियल ठरवताना पहिला प्रश्न हा की समुद्र किती जवळ आहे. मोरजी, मांद्रे, कळंगुट, बाणावली अशा किनाऱ्याच्या गावांत साधं एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या लोखंडाचं) शटर घेऊच नका, रंग कितीही चांगला मारा, गुंडाळताना पट्ट्या एकमेकींवर घासतात, रंग निघतो, आणि खारी हवा बाकीचं काम करते. कुठलंही जुनं शटर जवळ जाऊन बघा, सगळ्यात आधी सडलेली असते ती खालची पट्टी, जिथे रबराच्या मागे पाणी साचून राहतं, आणि गाईडचा तळ, जिथे तांबडी माती भरून बसते. गाईडच्या तळाला पाणी निघायला फट ठेवायला सांगा, फुकटचं काम आहे आणि त्याने गाईडचं आयुष्य वाढतं.

किनाऱ्याला माझी पसंती ॲल्युमिनियमला. लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजन, मोटरवर ताण कमी, आणि गंजून सडत नाही. पावडर कोटिंग ६० ते ८० मायक्रॉनचं मागा. पण स्क्रू बघून घ्या, ॲल्युमिनियमला साधे लोखंडी स्क्रू मारले तर ते गंजतात, आणि स्टेनलेस स्टीलचे मारले तर खाऱ्या ओलीत ॲल्युमिनियमच खाल्लं जातं, म्हणून ३१६ ग्रेडचे स्टील स्क्रू आणि मध्ये नायलॉन वॉशर. ३०४ ग्रेडवर समुद्राजवळ तपकिरी डाग येतात.

साखळी, वाळपई, फोंडा, केपे इकडे आत राहत असाल तर जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पत्र्याचं शटर छान चालतं आणि स्वस्तही पडतं. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिमी, २० गेज ०.९ मिमी, ९-१० फूट रुंदीला मी १८ च घेईन. वेल्डिंग केलेल्या जागी जस्त जळून जातं, तिथे झिंक रिच प्रायमर मारल्याशिवाय रंग मारू देऊ नका.

लाकूड सुंदर दिसतं, कौलारू घराला तर शोभतंच, सागवान नाहीतर मत्ती. पण ९ बाय साडेसात फुटांच्या दरवाजाचे दोन फाळके (झडपा) ३५ मिमी जाडीच्या सागवानात केले तर एकेक सत्तर किलोच्या आसपास जातो, बिजागऱ्या तेवढ्या तोलाच्या हव्यात. जूनमध्ये लाकूड फुगतं म्हणून मध्ये आणि खाली फट ठेवावी लागते, वाळवीचं बघावं लागतं, दरवर्षी तेल किंवा पॉलिश. एवढं करायची तयारी असेल आणि वर तीन फुटांचा छज्जा असेल तरच लाकूड घ्या. बाहेर उघडणारे फाळके रस्त्यावर येता कामा नयेत हेही प्लॅनवर बघा.

पावसाची झड नैऋत्येकडून येते, त्यामुळे दरवाजा पश्चिमेला किंवा नैऋत्येला असेल तर छज्जा मोठा हवाच, शिवाय दरवाजासमोर जाळीचं गटार, आतल्या फरशीला बाहेरच्या बाजूला थोडा उतार, आणि रॅम्प आठ फुटाला एक फुटापेक्षा उभा नको, नाहीतर गाडीचं पोट घासतं. आणखी एक, गॅरेज अगदी बंद डबा करू नका, चार महिने ओल आत कोंडली की गाडीच्या सीटवर बुरशी धरते, म्हणून झडीच्या उलट बाजूच्या भिंतीत वर जाळी ठेवा.

मोटर लावणार असाल तर सर्ज प्रोटेक्टर हवाच, मे-जूनच्या गडगडाटात बोर्ड उडतात. घरात लहान मुलं असतील तर फोटोसेल घ्या, मध्ये काही आलं की दरवाजा थांबतो. कोटेशन घेताना स्क्वेअर फुटात वरच्या रोलचा भाग धरलाय का ते विचारा. काम ताब्यात घेताना मेन स्विच बंद करून दरवाजा हाताने उघडून दाखवायला सांगा. गॅरेजला घरातून दुसरं दार नसेल तर बाहेरून किल्लीने चालणारं रिलीज, म्हणजे वीज गेली की मोटर सोडवून दरवाजा हाताने उघडायची सोय, आधीच मागून घ्या, नंतर बसवायचं म्हटलं तर पत्र्याला भोक पाडावं लागतं आणि गंज त्या भोकापासूनच सुरू होतो.