टेरेसवर पत्र्याची शेड टाकताय? आधी कोटेशनमधले शब्द समजून घ्या

आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत मागच्या वेळी शेड टाकली तेव्हा कोटेशनमध्ये काय लिहिलंय ते कोणालाच नीट कळलं नव्हतं, सगळ्यांनी फक्त स्क्वेअर फूटचा रेट बघितला आणि दुसऱ्याच पावसात टॉप फ्लोअरवाल्यांच्या छताला ओल आली. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी पत्र्याची जाडी. फॅब्रिकेटर गेज सांगतो, पण गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, म्हणजे २४ गेज हा २६ पेक्षा जाड, इथेच लोक फसतात. त्यापेक्षा जाडी एमएममध्येच लिहून घ्या, ०.५० एमएम वगैरे, आणि ती टीसीटी आहे की बीएमटी हे विचाराच. टीसीटी म्हणजे कोटिंग धरून जाडी, बीएमटी म्हणजे नुसत्या लोखंडाची. माल आला की मायक्रोमीटर लावून मोजा, त्यात लाज कसली.

मग कोटिंग. जीआय म्हणजे नुसता जस्ताचा मुलामा. गॅल्व्हल्यूममध्ये ५५ टक्के ॲल्युमिनियम असतं आणि बाकी बहुतेक जस्त, ते गंजाला जास्त टिकतं. वर रंग दिला की पीपीजीएल. एझेड १५० लिहिलं असेल तर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम कोटिंग. आपल्याकडे खाडीची खारी हवा आहे, ऐरोली असो वा कळवा, इथे पैसे वाचवू नका.

कैची म्हणजे ट्रस, छत पेलणारा त्रिकोणी सांगाडा, तिच्यावर पत्रे बसवायला आडवे लोखंडी दांडे टाकतात ते पर्लिन. गावाकडे कौलांच्या घरात आढ्यावर, दोन उतार भेटतात तिथे, कोने बसवतात ना, पत्र्याच्या शेडला तेच काम रिज करते. भिंत आणि पत्रा जिथे भेटतात तिथे फ्लॅशिंग म्हणजे फट झाकणारी पट्टी लागतेच, ती कोटेशनमध्ये आहे का बघा, बऱ्याचदा नसतेच. पाणी गटरमधून म्हणजे पन्हळीतून डाऊनटेक म्हणजे खाली उतरणाऱ्या पाइपला जातं.

आता लावताना. उतार १० फुटाला निदान १ फूट तरी ठेवा. उतारावर एका पत्र्याखाली दुसरा पत्रा येतो तिथे ओव्हरलॅप ६ इंच हवा. पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो म्हणून पत्रे पूर्वेच्या टोकापासून लावत यायचे, म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्याकडे येत नाही, हे मात्र फार कमी कारागीर स्वतःहून करतात, तुम्ही तिथे उभं राहून सांगा.

आणि स्क्रू! आमची गळती इथूनच होती. सेल्फ ड्रिलिंग स्क्रूखाली ईपीडीएम रबराचा काळा वॉशर असतो, तो जेमतेम दबला पाहिजे, जास्त आवळला की फाटतो आणि कमी आवळला तर पाणी आत. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, पाणी वाहतं त्या खोलगटात नाही. शिवाय ड्रिलचा लोखंडी कीस त्याच संध्याकाळी झाडून काढायला लावा, राहिला तर तिथेच गंजाचे डाग पडतात, आणि पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका, ठिणग्यांनी कोटिंग जळतं.

महापालिकेच्या परवानगीचं मात्र ॲडव्हान्स द्यायच्या आधी बघा, नंतर नाही.