आधी ओहारास्का, कोन्चा नंतर

उत्तर मेक्सिकोतल्या मॉन्टेरेत राहून तिथलं बेकिंग शिकायचं ठरवणारी बहुतेक मंडळी कोन्चापासून सुरुवात करतात. शिंपल्यासारखी नक्षी असलेला तो गोड पाव दिसतोच इतका देखणा. मीही तसंच केलं आणि तीन महिने यीस्टशी झगडत बसले. आता कोणी विचारलं तर सांगते, आधी ओहारास्का शिका.

ओहारास्का म्हणजे वाळून गळलेला पाचोळा. मैदा, डुकराची चरबी, साखर आणि दालचिनी यांचं हे उत्तर मेक्सिकोतलं घरगुती बिस्कीट. दाताखाली आलं की खरंच पाचोळ्यासारखं चुरतं. इथे नाताळ, लग्न, बाळाचा बाप्तिस्मा, काहीही असो, घरात ओहारास्का असतेच.

मला ती शेजारच्या दोन्यांनी शिकवली. दोन्या म्हणजे आपल्याकडच्या काकूंसारखं मानाचं संबोधन, आणि त्या मला 'मीहा' म्हणतात, म्हणजे पोरी. त्यांच्या घरी वजनकाटा नाही. मी डोळ्यांनी टिपलेलं आणि नंतर घरी मोजून पाहिलेलं प्रमाण असं: 1 किलो मैदा, 500 ग्रॅम चरबी, 250 ग्रॅम साखर आणि लागेल तसं दालचिनीचं गार पाणी. मी पहिल्यांदा पोळीच्या कणकेसारखं मळायला घेतलं, तर त्यांनी माझं मनगटच धरलं. हे पीठ मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि बिस्कीट दगड होतं.

मग त्यांनी मूठभर पीठ दाबून पाहिलं. मूठ वळली, बोटाने टोकरल्यावर फुटली. मला एकदम आईची शंकरपाळी आठवली. हे तर मोहन! फरक एवढाच की आपण मोहन कडकडीत तापवून ओततो. इथे चरबी गारच घेतात आणि पांढरीशुभ्र, हलकी होईपर्यंत हाताने फेसतात. त्या फेसण्यात हवा शिरते आणि बिस्कीट आणखी खुसखुशीत होतं. मराठी स्वयंपाकघरातून आलेल्यांना अर्धं शिक्षण आधीच झालेलं असतं, हे मला कोणीतरी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.

चरबी घेताना नीट बघा. मांस तळून उरलेली तपकिरी चरबी तमालेसाठी, म्हणजे मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या पुडीसाठी, उत्तम, पण बिस्किटाला तिचा वास लागतो. पांढरीच मागा. शाकाहारी असाल तर वनस्पती तुपाने जमतं, चव मात्र फिकी पडते. मी साजूक तूप गोठवून, रवाळ झालेलं फेसून पाहिलं. बिस्कीट जरा पसरलं, पण नानकटाईच्या जवळचा वास आला. लहानपणी रवा-तूप-पिठीसाखरेचा डबा घेऊन गावातल्या बेकरीत भाजून आणायचो, तोच.

ओहारास्कावर हात बसला की मार्रानितो घ्या. डुकराच्या आकाराचं हे जाड, मऊसर बिस्कीट पिलोन्सियोवर उभं आहे. पिलोन्सियो म्हणजे शंकूच्या साच्यात घातलेला उसाचा गूळच. मग सोनोरा राज्यातल्या एर्मोसियो शहराची कोयोता, जिच्या पोटात हाच गूळ भरलेला असतो. वास्तेका भागातली मक्याच्या पिठाची, कडीच्या आकाराची पेमोल मला अजून मनासारखी जमत नाही. मैद्याचा चिवटपणा मक्यात नाही, त्यामुळे तिची कडी वळतानाच तुटते.

एक सूचना: मेक्सिको सिटी 2,240 मीटर उंचीवर आहे, मॉन्टेरे साधारण 540. उंचीवर पीठ जास्त फुगतं, म्हणून मेक्सिको सिटीच्या कृतीत बेकिंग पावडर बेतानेच असते. कृती उचलताना ती कुठल्या गावची आहे ते आधी पाहा.

नोकरी करायची असेल तर जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्यांनी कामाची परवानगी आधी घ्यावी. सेकाती या सरकारी प्रशिक्षण केंद्रांत पाककामाचे अभ्यासक्रम चालतात. भाषा सुधारायलाही मला त्यांचा फार उपयोग झाला. पानादेरीयात, म्हणजे बेकरीत, कामं वाटलेली असतात. जेवणाचा बोलियो पाव करणारा फ्रान्सेसेरो, गोडाचं सगळं करणारा बिस्कोचेरो, भट्टी सांभाळणारा ओर्नेरो. नवख्याला मदतनीस म्हणून घेतात आणि पहिले काही आठवडे ट्रे घासण्यातच जातात. तेवढ्यात बघून घ्या, कान उघडे ठेवा. मुख्य कारागिराला नावाने हाक मारू नका, 'माएस्त्रो' म्हणा.

मला ज्या बेकरीत घेतलं, तिथल्या माएस्त्रोने पहिल्या दिवशी काहीच विचारलं नाही. चरबीचं घमेलं पुढे सरकवलं आणि ते कामाला गेले. मी फेसत राहिले. वीसेक मिनिटांनी ते आले, दोन बोटांत थोडी चरबी घेऊन चोळली आणि मला बिस्कोचेरोच्या टेबलाकडे पाठवलं.