मांजराची खाज थांबत नाही? अन्नाच्या ॲलर्जीचा छडा असा लावा

मांजर कान-मानेजवळ रक्त येईस्तोवर खाजवतं, पोटावरचे केस चाटून चाटून काढून टाकतं, पाठीवरून हात फिरवला की मोहरीएवढ्या खपल्या बोटांना लागतात. हे बारा महिने चालू असेल, जोडीला अधूनमधून उलट्या किंवा पातळ शी होत असेल, तर अन्नाच्या ॲलर्जीची शंका रास्त आहे.

तरी खाद्याला हात लावण्याआधी पिसवा शोधा. बारीक दातांची फणी शेपटीच्या बुडाशी फिरवा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. काहीच सापडलं नाही तरी डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्या मांजरांना पिसवांचं औषध लावा, कारण चाटून चाटून मांजर पुरावा गिळून टाकतं. कुत्र्यांसाठीचे थेंब मात्र चुकूनही नकोत! त्यांतल्या काहींमध्ये परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेततं. गजकर्णाची तपासणीही याच भेटीत करून घ्या. तो माणसांनाही होतो.

एवढं करूनही खाज राहिली, तर अन्नाची परीक्षा. मांजरांमध्ये बीफ, मासे आणि चिकन हे नेहमीचे संशयित. आपल्याकडची बरीच मांजरं मासे आणि चिकनवरच वाढतात, त्यामुळे एका कंपनीचं पाकीट सोडून दुसऱ्या कंपनीचं आणण्यात काही हशील नाही. आत बहुधा तेच असतं. रक्ताच्या चाचणीवरही पैसे घालवू नका, अन्नाच्या ॲलर्जीसाठी ती भरवशाची नाही. डॉक्टरांकडून हायड्रोलाइज्ड खाद्य लिहून घ्या. त्यातल्या प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की प्रतिकारशक्तीला ते सहसा ओळखू येत नाहीत. नाहीतर मांजराने आजवर कधीच न खाल्लेलं मांस निवडावं लागतं. घरी शिजवणार असाल तर टॉरिन या मांजराला अत्यावश्यक असलेल्या पोषकद्रव्याचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावं. नुसत्या उकडलेल्या मांसावर मांजर फार दिवस राहू शकत नाही.

नवं खाद्य आठवडाभरात हळूहळू जुन्याची जागा घेऊ द्या. मांजराने दिवसभर काहीच खाल्लं नाही, तर हट्ट न धरता डॉक्टरांना फोन करा, उपाशी मांजराचं यकृत झपाट्याने बिघडतं.

मग पूर्ण 8 आठवडे तेच एक खाद्य आणि पाणी. दूध नाही, बोंबलाचं डोकं नाही, दुसऱ्या मांजराच्या वाटीतलं उष्टं नाही. चवदार गोळ्यासुद्धा नाहीत. खरी कसोटी घरच्यांचीच लागते. आजी-आजोबांना आणि शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. बाहेर फिरणारं मांजर या काळात घरातच ठेवा. सुरुवातीला खाज असह्य असेल तर डॉक्टर औषध देतील, पण ते बंद केल्यावरही आराम टिकला तरच श्रेय अन्नाला द्यायचं.

खाज थांबली की जुनं खाद्य पुन्हा द्या. हे करायला मन धजत नाही, पण याशिवाय निदान पक्कं होत नाही. ॲलर्जी असेल तर साधारण दोन आठवड्यांत खाज परत येते. आली की लगेच चाचणीच्या खाद्यावर या, त्वचा शांत होऊ द्या, आणि मग चिकन, मासे असं एकेक वेगवेगळं देऊन गुन्हेगार शोधा. तो सापडल्यावर पाकिटावरच्या ठळक नावावर विसंबू नका; मागची घटकांची यादी दर खरेदीला वाचा.