इमेज सर्व्हरला पॅच (कोडमधला बदल) पाठवताना विषम मापाचं चित्र वापरा
आयआयआयएफ म्हणजे वेबवर चित्रं आणि त्यांचे भाग ठरावीक पद्धतीने मागण्या-देण्याचं मानक. कँटालूपसारख्या मुक्तस्रोत आयआयआयएफ सर्व्हरमध्ये चित्राचा भाग कापणारा कोड बदललात, तर चाचणीला १०२४ × १०२४ चं चित्र घेऊ नका. त्याचे २५६ चे तुकडे नेमके पडतात, म्हणून त्यात चुका लपतात. १००१ × ७०३ पिक्सेलचं घ्या, टाइल (चित्राचा चौकोनी तुकडा) २५६ पिक्सेलची ठेवा. शेवटच्या स्तंभात २३३ पिक्सेलच उरतात. अर्ध्या आकाराला रुंदी ५००.५ येते आणि पूर्णांक करण्यातली गफलत इथेच उघडी पडते: झूम केल्यावर टाइलांमध्ये बारीक रेघ दिसते.

मागितलेला भाग कडेबाहेर गेला तर सर्व्हरने तो कडेला कापून द्यायचा. पूर्णच बाहेर असेल तर ४०० त्रुटी (मागणी चुकीची असल्याचा संकेत). आयआयआयएफ इमेज एपीआयच्या आवृत्ती ३ मध्ये कॅरट चिन्हाशिवाय (^) मागितलेल्या भागापेक्षा मोठा आकार मागितला, तरीही ४०० च. या तिन्ही चाचण्या पॅचसोबतच जोडा.