जुनी आयडीई हार्डडिस्क नव्या मदरबोर्डला जोडताना

गोव्यात जुने संगणक सहसा भंगारात जात नाहीत. ते माळ्यावर, देवस्थानच्या कचेरीत किंवा शाळेच्या स्टोअररूममध्ये पडून राहतात. त्यातल्या हार्डडिस्कवर महाजनांच्या (देवस्थानच्या सभासदांच्या) याद्या असतात, जत्रेच्या नाटकांच्या टाईप केलेल्या संहिता असतात, दुकानाचा टॅलीचा डेटा असतो. मशीन मेलं तरी डिस्क बहुतेक वेळा जिवंत असते. ती बहुधा आयडीई, म्हणजे रुंद पट्टा केबलने जोडायच्या जुन्या पद्धतीची असते आणि नव्या मदरबोर्डवर ती लावायला जागा नसते, एवढीच अडचण. ती अडचण एक छोटा अडॅप्टर सोडवतो, पण तो चुकीचा लावला तर वीस वर्षं टिकलेला डेटा एका सेकंदात जाऊ शकतो. म्हणून हेतू आधीच पक्का करा: डिस्क एकदा जोडायची, तिची पूर्ण प्रत काढायची आणि मग ती बाजूला ठेवायची. रोजच्या वापरासाठी ती पुन्हा लावू नका.

पहिल्यांदा डिस्कची मागची बाजू बघा. दोन ओळींत ४० पिना आणि शेजारी चार जाड पिनांचं पॉवर सॉकेट असेल, तर ती डेस्कटॉपची साडेतीन इंची आयडीई डिस्क. पिना बारीक आणि ४४ असतील, वेगळं पॉवर सॉकेट नसेल, तर ती लॅपटॉपची अडीच इंची आयडीई. एल आकाराची दोन चपटी सॉकेट्स म्हणजे साटा, आयडीईनंतर आलेली जोडणी. ती आजच्या बोर्डवर थेट चालते, अडॅप्टर लागतच नाही. इंटेलने २००६ साली डेस्कटॉपच्या आयसीएच८ चिपसेटपासून (मदरबोर्डवरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपपासून) आयडीई काढून टाकलं. त्यानंतरही काही वर्षं बोर्ड बनवणारे वेगळी चिप टाकून एखादा आयडीई सॉकेट देत होते. आता तोही दिसत नाही.

जोडायच्या आधी डिस्क कोरडी करा. पावसाळ्यात आपल्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे हार्डडिस्कचे धातूचे संपर्क काळे पडणारच. सिलिका जेलच्या पुड्यांसह डिस्क हवाबंद डब्यात एक-दोन दिवस ठेवा. एसीच्या खोलीतून दमट खोलीत आणली असेल तर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पॉवर देऊ नका, आत बाहेर दव धरतं. झाकणावर हवेसाठी बारीक छिद्र असतं, ते टेपने बुजवू नका.

किनाऱ्याजवळच्या घरातली डिस्क असेल तर आणखी एक काम करून बघण्यासारखं आहे. बऱ्याच डिस्कचं हिरवं सर्किट बोर्ड टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या खाचेच्या) स्क्रूंनी बसवलेलं असतं, बहुधा टी६ किंवा टी८. ते काढून उलटं धरलं की मोटरचे आणि हेडचे (तबकडीवरचा डेटा वाचणाऱ्या टोकाचे) चौकोनी संपर्क दिसतात. ते चकचकीत असायला हवेत. काळपट असतील तर पांढऱ्या खोडरबराने हलके घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या इअरबडने पुसा. सॅंडपेपर अजिबात नको, वरचा मुलामा निघून जातो. डिस्कचं धातूचं झाकण मात्र कोणत्याही कारणाने उघडू नका.

अडॅप्टरचे तीन प्रकार आहेत. यूएसबीचा संच घ्या, हाच आमचा सल्ला. त्यात ४० पिन, ४४ पिन आणि साटा अशी तिन्ही तोंडं असतात आणि साडेतीन इंची डिस्कसाठी १२ आणि ५ व्होल्टचा वेगळा पॉवर अडॅप्टर येतो. दुसरा म्हणजे डिस्कच्या पाठीला बसणारा आयडीई ते साटा कन्व्हर्टर. डिस्क कॅबिनेटमध्येच ठेवायची असेल तर तो ठीक. त्याला स्वतःसाठी फ्लॉपी ड्राइव्हसारखी छोटी पॉवर पिन लागते आणि डिस्कला वेगळं मोलेक्स, म्हणजे चार जाड पिनांचं पॉवरचं तोंड. काही कन्व्हर्टर साटा डिस्क जुन्या आयडीई बोर्डला लावण्यासाठी उलट दिशेने चालतात. दिशेची कळ असेल तर ती बघून घ्या आणि घेताना दुकानदाराला 'आयडीई डिस्क, साटा बोर्ड' असं स्पष्ट सांगा. तिसरं मदरबोर्डच्या खाचेत बसणारं पीसीआय एक्स्प्रेस कार्ड. आयडीई डीव्हीडी ड्राइव्ह लावायचा असेल तरच त्याचा विचार करा, कारण स्वस्त कन्व्हर्टरवर ऑप्टिकल ड्राइव्ह अनेकदा दिसत नाहीत.

आता जंपर, म्हणजे डिस्कच्या मागच्या दोन पिना जोडणारी छोटी टोपी. एका आयडीई केबलवर दोन डिस्क बसत; त्यातली मास्टर कोणती आणि स्लेव्ह कोणती हे जंपर ठरवतो, आणि केबल सिलेक्टवर असेल तर केबलवरची जागा ठरवते. 'डिस्क दिसत नाही' या तक्रारीमागे पॉवरइतकंच कारण हेच असतं. अडॅप्टरवर एकच डिस्क असते, त्यामुळे जंपर मास्टरवर हवा. जुन्या संगणकात ती स्लेव्ह किंवा केबल सिलेक्टवर असू शकते. तक्ता डिस्कच्या लेबलवरच छापलेला असतो. वेस्टर्न डिजिटलच्या अनेक जुन्या डिस्कवर 'सिंगल' आणि 'मास्टर' या दोन वेगळ्या जागा आहेत. एकटी असताना तिथे जंपर पूर्ण काढावा लागतो. मास्टरवर ठेवला तर ती न सापडणाऱ्या स्लेव्हची वाट बघत बसते आणि बायोसमध्ये (संगणक सुरू होताना डिस्क ओळखणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) काहीच येत नाही. काढलेला जंपर कागदाच्या पुडीत घालून डिस्कलाच चिकटवा.

पिना लावताना घाई नको. ४० पिनांतली विसावी पिन मुद्दाम नसते, आणि चांगल्या अडॅप्टरमध्ये तिथलं भोक बुजवलेलं असतं. बुजवलेलं नसेल तर अडॅप्टर उलटाही बसतो. साडेतीन इंची डिस्कवर पहिली पिन साधारणपणे पॉवर सॉकेटच्या बाजूला असते, पट्टा केबलची लाल कड तिकडे यावी. लॅपटॉपच्या डिस्कवर धोका जास्त. तिथे ४४ पिनांच्या पलीकडे थोडी मोकळी जागा सोडून जंपरच्या चार पिना असतात. अडॅप्टर दोन पिना सरकला तर तो त्यांच्यावर बसतो आणि ५ व्होल्ट भलत्या पिनांवर पोहोचतात. पहिली पिन या जंपरच्या बाजूची. मोबाईलच्या टॉर्चच्या उजेडात मोजून बघा: जंपरच्या चारही पिना उघड्या दिसल्या पाहिजेत. वाकलेली पिन बारीक चिमट्याने सरळ करा, दाबून बसवायला जाऊ नका.

पॉवर. मोलेक्सची पिवळी तार १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, दोन काळ्या अर्थ. साडेतीन इंची डिस्कला दोन्ही व्होल्टेज लागतात आणि फिरायला सुरू होताना ती १२ व्होल्टवर दोन अँपियरच्या आसपास खेचते. नव्या एसएमपीएसला (संगणकाच्या पॉवर सप्लायला) मोलेक्स नसेल तर साटा पॉवरपासून मोलेक्स करणारी केबल चालते. उलट दिशेची, म्हणजे मोलेक्सपासून साटा करणारी स्वस्त ओतीव प्लॅस्टिकची केबल टाळा. तिच्या आत तारा एकमेकींना टेकतात आणि त्या जळाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. तारा एकेक करून दाबून बसवलेली, मागून उघडता येणारी केबल घ्या.

अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते, पण सुरुवातीला तिला जवळजवळ एक अँपियर लागतो. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपियर देतो, ३.० पोर्ट ९००. म्हणून डिस्क टिक-टिक करत थांबली की लगेच ती मेली असं ठरवू नका. आधी कॅबिनेटच्या मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा किंवा दोन तोंडांची वाय केबल वापरा. पुरेशी पॉवर देऊनही तालात टकटक चालूच राहिली तर हेड गेलं. तेव्हा लगेच बंद करा. प्रत्येक पुढचा प्रयत्न आतल्या तबकडीला ओरखडे पाडू शकतो. डेटा मोलाचा असेल तर ती डिस्क रिकव्हरी करणाऱ्याकडेच द्या.

क्रम असा: सगळं बंद असताना अडॅप्टर डिस्कला, मग डिस्कची पॉवर, फिरण्याचा एकसारखा आवाज आला की यूएसबी संगणकाला. आयडीई चालू स्थितीत काढता-घालता येत नाही. कॅबिनेटमध्ये साटा कन्व्हर्टरने लावली असेल आणि पहिल्या बूटला दिसली नाही, तर फक्त रीस्टार्ट करा. जुनी डिस्क वेगात यायला दहा-पंधरा सेकंद घेते, तोवर बोर्डाची तपासणी उरकलेली असते. जोडलेल्या डिस्कवरून नवा संगणक बूट करायचा प्रयत्न करू नका.

विंडोज दोन प्रश्न विचारू शकतं: 'इनिशियलाइझ' करायचं का, 'फॉरमॅट' करायचं का. दोन्हींना कॅन्सल. सुरू होताना चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) आलं तर कळ दाबून तेही थांबवा, ते जुन्या डिस्कवर लिहायला लागतं.

फाइली उघडून बघण्याचा मोह आवरा आणि आधी संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे एका फाइलमध्ये हुबेहूब प्रत, काढा. लिनक्सच्या लाइव्ह (थेट त्यावरूनच चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम हे काम उत्तम करतो. तो आधी चांगले भाग उचलतो, खराब सेक्टरवर (डिस्कच्या बिघडलेल्या तुकड्यांवर) शेवटी येतो आणि प्रगतीची नोंद वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे वीज गेली तरी तिथूनच पुढे चालतो. मूळ कोणती आणि प्रत कोणत्या डिस्कवर, हे आकार आणि सीरियल नंबर वाचूनच ठरवा. उलट झालं तर परत मिळत नाही. यूएसबी २.० वर सेकंदाला साधारण २५ एमबी धरा, म्हणजे ८० जीबीला तासाभराच्या आसपास. जूनमध्ये किंवा ऑक्टोबरच्या गडगडाटात हे काम नको, आणि एरवीही यूपीएसवरच.

विंडोज एक्सपीच्या काळातल्या फाइली 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' मध्ये, वापरकर्त्याच्या नावाखाली सापडतात. परवानगी नाकारली तर मालकी बदलण्याचा उद्योग प्रतीवरच करा, मूळ डिस्कवर नाही.

मराठी मजकुरासाठी एक गोष्ट विसरू नका: जुन्या डिस्कवरच्या विंडोज फोल्डरमधला 'फॉन्ट्स' फोल्डर पूर्ण कॉपी करा. त्या काळातल्या श्री-लिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅममधल्या फाइली युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतातल्या, नाहीत. तो फॉन्ट नसेल तर नाटकाच्या संहितेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो आणि लोक फाइल बिघडली समजून पुसून टाकतात. फॉन्ट बसवला की मजकूर परत दिसतो. युनिकोडमध्ये रूपांतर केलेली फाइल वेगळ्या नावाने ठेवा आणि मूळ फाइल तशीच जपा, कारण रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार अनेकदा चुकतात आणि ते मुळाशी ताडूनच सुधारता येतं.