सीझनचे शेवटचे सामने: इनडोअर क्रिकेटमध्ये या चुका टाळा

लीगचे तीन-चार सामने उरले की हौशी संघात दोन गोष्टी हमखास घडतात. कुणाला तरी अचानक पॉइंट्सचा तक्ता आठवतो आणि कुणाच्या तरी हाताला मोठ्या फटक्यांची खाज सुटते. पहिली गोष्ट उशिरा सुचलेली असली तरी कामाची. दुसरी फार महागात पडते.

हे सगळे आठ-आठ खेळाडूंच्या, चारही बाजूंनी आणि वरून जाळी लावलेल्या कोर्टवरच्या खेळाबद्दल आहे. हॉलमध्ये भिंतींवर चेंडू मारत सहा-सहा जण खेळतात तो प्रकार वेगळा आणि त्याचे हिशेबही वेगळे.

आउटची किंमत न मोजणे

सर्वात मोठी चूक हीच, आणि बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटातून येतात. बाहेरच्या क्रिकेटमधून आलेला खेळाडू विकेटकडे 'गेली तर गेली' अशा नजरेने पाहतो. इथे आउट झाल्यावर तुम्ही तंबूत जात नाही, खेळतच राहता, त्यामुळे शिक्षा झाल्यासारखे वाटतच नाही. पण दर आउटला 5 रन वजा होतात.

आठ जण चार जोड्या करून बॅटिंग करतात आणि एका जोडीला चार ओव्हर, म्हणजे 24 चेंडू मिळतात. बॅट्समनच्या बाजूच्या अर्ध्या भागात बाजूच्या जाळीला चेंडू लागला की बोनस 1, बॉलरच्या बाजूच्या अर्ध्या भागात लागला की बोनस 2. बॉलरच्या मागच्या जाळीला टप्पा खाऊन लागला तर 4, थेट लागला तर 6. बाजूच्या जाळीला लागून मग मागच्या जाळीला गेला तर 3. कीपरच्या मागच्या जाळीला बोनस नाही. आणि यातला कुठलाही बोनस मिळवायचा तर निदान एक रन पळून पूर्ण करावीच लागते.

आता दोन जोड्या घ्या. पहिली जोडी 12 वेळा जवळच्या बाजूच्या जाळीला ढकलून दोन-दोन घेते, सहा साध्या एकेरी काढते, सहा चेंडू कोरे जातात आणि आउट एकदाही होत नाही: 30 रन. दुसरी जोडी मागची जाळी तीनदा गाठते (पळून काढलेल्या रनसकट 5, 5 आणि 7), आठ वेळा दोन-दोन, पाच एकेरी, म्हणजे 38. टाळ्याही हिलाच जास्त मिळतात. पण ती चारदा आउट झाली असेल तर फळ्यावर 18 च उरतात.

म्हणून सरावात रन मोजू नका, आउट मोजा. 24 चेंडूंत दोनपेक्षा जास्त आउट होणाऱ्या जोडीने आधी हवेतला फटका बंद करावा. इथे बाजूच्या जाळीला लागून परतलेला चेंडू जमिनीवर पडायच्या आत झेलला तरी बॅट्समन आउट असतो. वरच्या जाळीचेही तेच. फक्त मागच्या जाळीला थेट लागलेला सिक्स झेलता येत नाही. त्यामुळे क्रम डोक्यात पक्का हवा: आधी जमीन, मग जाळी. मनगट वळवून चेंडू दोन-तीन पावलांवर टप्पा खाईल असा मारला की तो जाळीला लागतोही आणि झेलही उरत नाही.

तिसऱ्या चेंडूची घबराट

ज्या लीगमध्ये हा नियम लावतात तिथे लागोपाठ दोन चेंडू कोरे गेले की तिसऱ्यावर स्कोअर हलावाच लागतो, नाहीतर आउट धरून 5 वजा. दोन कोरे गेले की नवखा बॅट्समन तिसऱ्यावर आडवी बॅट फिरवतो. नेमके तेच फील्डिंग करणाऱ्यांना हवे असते.

यावर उपाय आधी ठरवून ठेवायचा. दोन कोरे चेंडू गेले की नॉन-स्ट्रायकर मोठ्याने 'तिसरा' म्हणेल. बॅट्समन हातांची पकड सैल ठेवून चेंडू पायाशी पाडेल आणि बॅटला लागताक्षणी दोघे पळतील. वाइड पडला तरी स्कोअर हलतो, म्हणून बाहेर जाणाऱ्या चेंडूच्या मागे बॅट न्यायचे कारण नाही.

पळण्यातल्या चुका

पिच नेहमीच्याच लांबीचे असले तरी नॉन-स्ट्रायकरची रेघ मध्यावर असते. म्हणजे एका रनसाठी साधारण निम्मेच पिच पळायचे. इतक्या कमी अंतरात रनआउट का होतो? कारण बहुतेकदा एकच: नॉन-स्ट्रायकर चेंडू कुठे जातो ते पाहत उभा राहतो. चेंडू जाळीला लागेपर्यंत थांबलात तर अर्धा सेकंद गेलाच, आणि या कोर्टवर अर्धा सेकंद म्हणजे दोन-तीन पावले.

समोरचा फटका असेल तर हाक बॅट्समनची, चेंडू त्याच्या पाठीमागे गेला तर नॉन-स्ट्रायकरची. 'हो', 'नाही', 'थांब' यापलीकडे चौथा शब्द नको. 'पळू का?' ही हाक नव्हे. बॅट फील्डरपासून लांबच्या हातात घ्या आणि रेघेच्या एक मीटर आधीपासून जमिनीवर टेकवत न्या. वळताना चेंडूकडे तोंड असू द्या.

उलट बाजूची चूक म्हणजे चेंडू सुटायच्या आधीच रेघ सोडणे. इथे बॉलर हात पूर्ण फिरवून चेंडू हातातच ठेवू शकतो आणि आपल्या बाजूचे स्टंप पाडून तुम्हाला आउट करू शकतो. सूचना द्यायला तो बांधील नाही. बॉलरच्या खांद्याकडे न पाहता त्याच्या हातातल्या चेंडूकडे पाहा आणि तो सुटला की निघा.

जाळीला चिकटून उभे राहणे

फील्डिंगमधली ही चूक इतकी सर्रास दिसते की अनुभवी संघ ती पाहूनच फटक्याची दिशा ठरवतात. जाळीला पाठ टेकवून उभा असलेला फील्डर परतणारा चेंडू पकडूच शकत नाही. चेंडू त्याच्या मागे लागतो आणि त्याच्या पायाशी किंवा पुढे पडतो. जाळीपासून दोन-तीन पावले आत, अंग तिरके ठेवून उभे राहा, म्हणजे बॅट्समन आणि जाळी दोन्ही नजरेत राहतात.

जाळी किती ताणलेली आहे हे दर कोर्टवर वेगळे असते, आणि एकाच कोर्टच्या दोन बाजूंनाही वेगळे असू शकते. ताठ जाळी चेंडू परत फेकते, ढिली जाळी तो गिळून सरळ खाली टाकते. सामन्याआधी प्रत्येक बाजूला पाच-सहा चेंडू जोरात मारून पाहा आणि कुठली बाजू 'मेलेली' आहे ते सगळ्यांना सांगा. ढिल्या बाजूचा फील्डर जाळीच्या एक पाऊल जवळ गेला की बाजूच्या जाळीवरचे अर्धे झेल हाताला लागतात.

बहुतेक नियमावल्यांत चेंडू टाकताना कोर्टच्या प्रत्येक अर्ध्या भागात चारच जण हवेत, कीपर आणि बॉलर धरून. मागच्या जाळीची भीती वाटली की पाचवा माणूस हळूच मागे सरकतो आणि नो-बॉल पडतो. त्यावर लक्ष ठेवायचे काम एकाच माणसाचे, आणि तो माणूस कीपर.

थ्रोबद्दल एकच गोष्ट: प्रत्येक चेंडू कीपरकडेच फेकायची सवय मोडा. बॉलरच्या बाजूचे स्टंप दूर मागे असतात, म्हणून बॅट्समनला त्या टोकाला धोका जाणवतच नाही. पण तिथे रनआउट ठरतो तो मध्यावरच्या रेघेवरून. अडचण इतकीच की चेंडू टाकून बॉलर पुढे धावत जातो आणि स्टंप राखायला कुणी उरत नाही. मागच्या अर्ध्यातल्या एका फील्डरला हे काम आधीच वाटून द्या, किंवा बॉलरला दोन पावलांत थांबून परत फिरायची सवय लावा.

बॉलिंगचा तक्ता न करणे

आठ जणांनी प्रत्येकी दोन ओव्हर टाकायच्या, एकूण 16. यात सूट नाही, त्यामुळे कच्चा बॉलर लपवता येत नाही, फक्त योग्य जागी बसवता येतो. कॅप्टन सहसा चांगले बॉलर शेवटासाठी राखतो आणि समोरच्यांची सर्वात भारी जोडी तिसरी आलेली असते. मग दोन कच्च्या हातांकडून त्याच जोडीने 40 काढले तर दोष कुणाचा?

कागदावर 16 चौकोन काढा, चार-चारचे चार गट पाडा. कच्चे दोन बॉलर असतील तर त्यांच्या चार ओव्हर चारही गटांत एक-एक टाका. उत्तम दोघांची निदान एक-एक ओव्हर समोरच्या सर्वात भारी जोडीसाठी ठेवा. ती जोडी कितव्या क्रमांकाला येते हे सीझनच्या शेवटी माहीत असायलाच हवे, तुम्ही त्यांच्याशी आधी खेळलेले असता. एकाच बॉलरला लागोपाठ दोन ओव्हर देता येत नाहीत, हे चौकोन भरतानाच पाहा.

वेगाचा मोह हा वेगळाच आजार. जोरात टाकलेला, बॅटजवळ टप्पा पडणारा चेंडू बॅटला नुसता लागला तरी मागच्या जाळीपर्यंत जातो, म्हणजे तुमचाच वेग त्यांचे चार-सहा रन होतो. त्याऐवजी ऑफ स्टंपवर, टप्पा थोडा मागे, वेग मध्यम ठेवा. बॅट्समनला वेग स्वतः लावावा लागतो आणि तिथेच चेंडू हवेत जातो. फिरकी टाकणारा असेल तर फारच उत्तम. लेगच्या बाजूला जाणारा चेंडू इथे फार कडकपणे वाइड धरतात, म्हणून नवख्याला मधल्या स्टंपऐवजी ऑफ स्टंपच निशाण द्या: लेगकडे थोडा चुकला तरी चेंडू स्टंपांतच राहतो.

स्किन विसरणे

तुमच्या पहिल्या जोडीची तुलना समोरच्यांच्या पहिल्या जोडीशी, दुसरीची दुसरीशी, अशा चार स्किन होतात. बऱ्याच लीगमध्ये सामना जिंकल्याचे 3 पॉइंट आणि दर स्किनला 1, असे एकूण 7 वाटले जातात. सीझनभर याकडे दुर्लक्ष केलेले संघ शेवटी एका पॉइंटाने बाहेर राहतात.

समजा समोरच्या जोड्यांनी 22, 31, 14 आणि 27 काढले, एकूण 94. तुमच्या तीन जोड्यांचे 24, 18 आणि 9, म्हणजे 51. शेवटच्या जोडीला जिंकायला 44 हवेत, स्किनला फक्त 28. पहिल्या दोन ओव्हरमध्ये 15 झाले असतील तर उरलेल्या 12 चेंडूंत विजयासाठी 29 लागतील, स्किनसाठी 13. इथे बहुतेक संघ 29 च्या मागे लागतात, तीनदा आउट होतात आणि दोन्ही गमावतात. 13 गाठा, तो पॉइंट खिशात टाका. तक्त्यात विजयाशिवाय गत्यंतरच नसेल तर गोष्ट वेगळी, पण तेही टॉसच्या आधी ठरलेले असावे, 14व्या ओव्हरला आरडाओरडा करून नव्हे.

दुसऱ्या डावात हे आकडे बाहेरच्या एकाने सतत सांगायचे असतात: 'स्किनला 13, चेंडू 12'. फक्त एवढेच. सल्ला नको.

स्कोअरशीटमध्ये दोन चुका नेहमी सापडतात: बोनस लिहिला पण पळून काढलेली रन राहिली, किंवा आउटचे 5 वजा करायचे राहिले. प्रत्येक जोडी संपताच दोन्ही संघांनी बेरीज जुळवून घ्यावी. सामना संपल्यावर भांडून काही मिळत नाही.

यादी, बूट, बोटे

शेवटच्या आठवड्यांत माणसे गळतात आणि कुणीतरी मित्राला बोलावून आणतो. बाद फेरी खेळायला ठराविक साखळी सामने खेळलेले असावे लागतात, अशी अट बऱ्याच ठिकाणी असते. तीन सामने शिल्लक असतानाच रजिस्टर उघडून प्रत्येकाचे सामने मोजा. ज्याला एक कमी पडतोय त्याला आताच खेळवा, भले तो संघातला आठवा असो. सात जणांवर खेळायची वेळ आली तर आठव्याची बॅटिंग-बॉलिंग कोण करणार, ते कोण निवडणार, हे संयोजकांना आधी विचारून ठेवा. अनेकदा ती निवड समोरचा कॅप्टन करतो.

बुटांचे सोल सीझनअखेर गुळगुळीत झालेले असतात. अंगठ्याखालच्या रेषा पुसल्या असतील तर वळताना पाय सरकणारच. बूट बदला, पण कोरा जोड थेट सामन्यात घालू नका, दोन सराव होऊ द्या.

सराव टेनिस बॉलवर करणे ही लपलेली चूक आहे. इनडोअरचा चेंडू चामड्याचाच असतो, आतला गाभा तेवढा मऊ. त्याची उसळी आणि जाळीवरून परतणे टेनिस बॉलपेक्षा अगदी वेगळे. सामन्यात वापरून झालेले दोन-तीन चेंडू मागून घ्या आणि त्यांवरच सराव करा. मऊ म्हणून हात ताठ ठेवून झेलायला जाऊ नका, या खेळात सर्वाधिक दुखतात ती बोटेच. मुरगळलेले बोट शेजारच्या बोटाला दोन ठिकाणी चिकटपट्टीने बांधा, मधला सांधा मोकळा ठेवा. सूज दुसऱ्या दिवशीही उतरली नाही किंवा बोट वाकडे दिसत असेल तर एक्स-रे काढा, चिकटपट्टीवर भागवू नका. बॅट्समनने गार्ड घालायला विसरू नये, पॅड नसले तरी.

कोर्ट मिळायच्या 15 मिनिटे आधी पोहोचा. पहिली पाच मिनिटे पळणे आणि वळणे, पुढची पाच खांदा सैल करत जवळून सुरू करून लांबवर थ्रो, शेवटची पाच जोडी-जोडीने हाका मारत पळणे. आठ जणांपैकी कुणी नवीन जोडीत खेळणार असेल तर शेवटची पाच मिनिटे त्याच जोडीला द्या.